राखफुलाला धुंगार

नवऱ्याच्या अंगावर सरकारी फेस ओतणारी बाई म्हणून तालुक्यात माझं नाव झालंय. आठवडी बाजारात मेथीवालीसुद्धा विचारते, "काय शेलारबाई, आज मास्तर कोरडे आहेत ना?" मी म्हणते, "आहेत की, कालच वाळत घातले होते." हसायचं त्यांनी हसावं. मला त्या दिवसाची लाज वाटत नाही, उलट त्या दिवसाचे माझ्यावर उपकार आहेत. कसे ते सांगते. पण मध्ये मध्ये विचारू नका, माझा धागा तुटतो.

मी कुंदा. सोंडवाडीच्या टिटवी चौकीवर अकरा वर्षं नोकरी करतेय. आमच्या डोंगरात दर पाचशे पावलांवर एक खांब आहे. त्या खांबाला उष्णता ओळखणारा डोळा आहे आणि धूर हुंगणारं नाक आहे. रानात कुठं काडी पेटली की खांब चौकीला कळवतो, चौकीच्या छपरावरून चार पंख्यांचं यंत्र उडतं आणि तीन मिनिटांच्या आत त्या जागेवर पांढरा फेस ओतून परत येतं. वाटेतल्या माणसांनी बाजूला व्हावं म्हणून उडताना ते टीव टीव ओरडतं. त्यावरून नाव पडलं टिटवी. टिटवी ओरडली की घरात काही तरी अशुभ होतं असं जुनी माणसं मानायची, त्यामुळं पहिल्या वर्षी बायका कानांत बोटं घालायच्या. आता पोरं तिची नक्कल करत शाळेत जातात.

माझं काम पडद्यावर लक्ष ठेवायचं. खोटी वर्दी असेल, म्हणजे कुणाची गाडी चढावर तापली असेल, तर बारा सेकंदांच्या आत 'थांब' असं बटण दाबायचं. बारा सेकंद गेले की टिटवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हे सगळं आलं ते चौतीस सालच्या वणव्यामुळं. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. राब भाजणं म्हणतात त्याला. त्या वर्षी मार्च महिन्यात कुणाच्या तरी राबाची ठिणगी वाऱ्यावर गेली आणि आग गवत खात खात थेट वरच्या सड्यावर चढली. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं काळ्या कातळाचं पठार. तिथं हौसाक्काच्या शेळ्या बांधलेल्या होत्या. हौसाक्का आमच्या शेजारच्या. त्यांचे मालक, आमचे नाना, शेळ्या सोडवायला वर गेले. शेळ्या खाली आल्या, नाना आले नाहीत. हौसाक्कांना मिठीत धरून मी अंगणात बसले होते. ऐन उन्हात त्यांचे दात थडथड वाजत होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून टिटवीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. अकरा वर्षांत आमच्या डोंगरात एक माणूस भाजलेलं नाही.

आता मास्तर. हे माझे यजमान, अनंत शेलार. इथल्याच शाळेत विज्ञान आणि चित्रकला शिकवायचे. सगळा गाव मास्तर म्हणतो म्हणून मीही म्हणायला लागले, ते तसंच राहिलं. या माणसाला दोन व्यसनं, चहा आणि फोटो. वणवा विझल्यावर सात आठवड्यांनी, मे महिन्यात, ते कॅमेरा घेऊन जळक्या सड्यावर गेले आणि एका फुलाचा फोटो काढून आणला. काळ्या राखेतून आलेला वीतभर दांडा, पान एकही नाही, आणि दांड्यावर पाच फुलं. रंग राखेचाच, फक्त खालची पाकळी लाल, पान खाऊन ओठ रंगल्यासारखी. जमिनीतलं ऑर्किड होतं ते, आमरीच्या कुळातलं, आणि मास्तरांकडच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मास्तर त्याला राखफूल म्हणाले.

शहरातून तिघाचौघांची समिती आली. फोटो काढल्यावर दहा दिवसांनी. वर जाऊन बघतात तर फूल नाही, दांडा नाही, काही नाही. त्या काळात यंत्राला सांगितलं की ते हवं तसं चित्र करून द्यायचं, त्यामुळं खऱ्या फोटोवरही कुणाचा विश्वास नव्हता. समितीचे प्रमुख मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कल्पना छान आहे हो तुमची." बस, एवढंच. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं पोरांना 'खोटं बोलू नये' असं फळ्यावर लिहून दिलं, त्याला एवढं पुरे झालं. गावातली पोरं त्यांना राखमास्तर म्हणायला लागली. त्यांनी कॅमेरा खिळ्याला अडकवला आणि परत काढला नाही. आणि त्याच पावसाळ्यानंतर टिटव्या आल्या. आग नाही म्हणजे फूलही नाही. दुसरा फोटो काढायची सोयच उरली नाही.

या फेब्रुवारीत मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. नजरेचा मधला भाग सहा वर्षं झिजत होता, औषधांनी तो कसाबसा धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचा हात संपला. पावसाळ्यापर्यंत मधलं सगळं पुसट होईल. कडेचं मात्र दिसत राहील. तेव्हा सवय करा. जे बघायचं असेल त्याच्याकडं सरळ बघू नका, त्याच्या शेजारी बघा. मग ते दिसेल."

"मला नाही जमायचं," मास्तर म्हणाले. "मी सरळ माणूस आहे."

"सरळ कसले, हेकट आहात," मी म्हणाले. डॉक्टर हसले, मास्तर नाही हसले. येताना एसटीत खिडकीला टेकून ते एवढंच बोलले, "कुंदे, एकदाच दिसायला पाहिजे होतं गं ते. डोळे आहेत तोवर. माझ्या हातानं फोटो निघायला पाहिजे होता."  मी त्यांच्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली.

तीन मार्चला दुपारी दोन वाजता माझ्या पडद्यावर लाल ठिपका आला. सड्यावर. चित्र मोठं केलं तर मास्तर! एका दगडाजवळ उकिडवे बसलेले, समोर गवताचा भारा, हातात काडेपेटी. भारा पेटलेला.

बारा सेकंद. 'थांब'चं बटण माझ्या बोटाखाली होतं. खोटं कशाला बोलू, बोट ठेवलं होतं मी त्याच्यावर. एक भारा जळेल, थोडी राख होईल, सात आठवड्यांनी फूल येईल, आणि माझा माणूस डोळे जायच्या आधी हसेल. कुणाला कळणार होतं? सड्यावर वारा मात्र होता. चौकीच्या खिडकीतून हौसाक्कांचं अंगण दिसत होतं, आणि त्या वाळवण राखत बसल्या होत्या. मी बोट उचललं.

टीव टीव करत टिटवी गेली आणि तिनं मास्तरांना डोक्यापासून पायांपर्यंत फेसात घातलं. घरी आले ते साबुदाण्याच्या चिकात बुडवून काढल्यासारखे. दारातच म्हणाले, "बारा सेकंद होते तुझ्याकडं."

"होते," मी म्हणाले.

"तू बघितलंस की मी आहे."

"बघितलं. म्हणूनच ओतला. तिथं दुसरा कुणी असता तरी ओतलाच असता, पण तुमच्यासाठी थांबवला असता तर उद्या आक्कांच्या दारावरून कुठल्या तोंडानं जाणार होते मी?"

 पुढं आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा स्वतः करून प्यायले, आणि तो किती वाईट झाला हे सांगायला नको म्हणून मुद्दाम सगळा संपवला. मला राग येत होता आणि रडूही येत होतं. नियमाप्रमाणं अहवाल लिहिणं भाग होतं. 'आग लावणाऱ्याचं नाव' या रकान्यात मी नवऱ्याचं नाव लिहिलं. 'कारण' या रकान्यात बाकीचे 'निष्काळजीपणा' लिहितात. मी लिहिलं, 'राखेत येणारं फूल परत एकदा बघायचं होतं. हे फूल खोटं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे आणि माझंही.'

त्या रकान्यानं आमचं भलं केलं. आठवड्याभरात एक मुलगी मोटारसायकलवरून चौकीत येऊन उभी. ऋजुता ओंबळे, वनस्पतींवर संशोधन करणारी, त्यासाठी चौक्यांचे अहवाल चाळणारी. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "काकू, तो अहवाल तुम्हीच लिहिलाय ना? सर कुठं आहेत?"

तिनं मास्तरांना ओसरीवर बसवून जे सांगितलं ते मी दारामागून ऐकलं, कारण आमचं अजून बोलणं सुरू नव्हतं. ती म्हणाली की जगात आगीनंतर फुलणारी बरीच झाडं आहेत. लोकांना वाटतं उष्णतेनं कंद जागा होतो. पण माती चांगली राखणदार असते, चार बोटं खाली आगीची ऊब फारशी पोचतच नाही. पोचतो तो धूर. गवत जळताना धुरात एक रेणू तयार होतो. तो राखेवर बसतो, दवात विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली मुरतो. कंदाला तो लागला की कंद ओळखतो, वरचं गवत गेलंय, ऊन मोकळं आहे, उठायची वेळ झाली. तोपर्यंत तो साठवलेल्या अन्नावर झोपून राहतो.

"किती वर्षं?" मास्तरांनी विचारलं.

"बारा. फार तर तेरा. सर, यंदा अकरा झाली. टिटव्यांनी माणसं वाचवली, पण हे झाड आपल्या नकळत उपाशी मरतंय."

 मी दारामागून पुढं आले आणि म्हणाले, "आधी चहा घ्या. मग सांगा काय करायचं."

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "आल्याचा कर." अशी आमची दिलजमाई झाली.

ऋजुताकडं तव्याएवढं यंत्र होतं. जमिनीवर धरलं की दोन हात खालचं दाखवायचं, मुळं, दगड, कंद. पण सडा अफाट आणि मास्तरांना जागा सांगता येईना. "खोलगट दगड होता, वाटीसारखा," एवढंच. असे दगड तिथं शेकड्यानं. ज्या दगडाजवळ त्यांनी भारा पेटवला होता तिथं तर एक मूळसुद्धा निघालं नाही. मी म्हणाले, "म्हणजे फेस फुकट गेला." तीन दिवस तिघं उन्हात फिरलो. मास्तर दर दगडाला हात लावून बघायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. ते बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी हौसाक्का ताक घेऊन आल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं. तांब्या खाली ठेवला आणि उभ्याच राहिल्या. मी म्हटलं, "बसा की आक्का."

"बसत न्हाई. आधी बोलू दे," त्या म्हणाल्या. "मास्तर, ती जागा मला ठावी हाय. तुमचं फूल म्या तोडलं."

 ऋजुतानं हातातलं यंत्र बंद केलं.

"ह्यांचं सुतक फिटलं, तरी माझा पाय घरात ठरंना," हौसाक्का सांगायला लागल्या. "ज्या ठिकाणी ह्ये सापडलं, तिथं जाऊन बसायची. एक दिस बघितलं तर राखंतनं फूल आलेलं. समदं जळलेलं आन त्येवढंच ताजं. मला वाटलं, ह्यांच्यासाठीच आलंय. म्या तोडलं आन त्यांच्या जागंवर ठेवलं. मागनं ती शहरातली माणसं आली, तुमाला खोटं ठरवून गेली. मला कळलं तवा लई उशीर झाला हुता. आन बोलायची छाती झाली न्हाई. अकरा वर्सं तुमच्या घरी ताक आणतीय, मास्तर. त्येवढंच करता आलं."

 एका बाजूनं वाटलं, अगं बाई, एक शब्द टाकला असतास तर माझ्या माणसाची अकरा वर्षं वाचली असती. दुसऱ्या बाजूनं ते थडथडणारे दात आठवले. मी मास्तरांकडं बघितलं. ते उठले आणि चाचपत पुढं येऊन हौसाक्कांसमोर हात जोडून उभे राहिले.

"आक्का, मी त्याचा नुसता फोटो काढला," ते म्हणाले. "तुम्ही ते जिथं ठेवायला पाहिजे होतं तिथं ठेवलंत. बरं केलंत. आता चला, जागा दाखवा."

हौसाक्का पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले, आणि रडता रडता ताक शिंक्यावर ठेवलं, कारण मांजर टपलं होतं.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला सरळ त्या दगडापाशी नेलं. ऋजुतानं यंत्र धरलं आणि पडद्यावर सहा ठिपके आले. सहा कंद, प्रत्येक सुपारीएवढा. "जिवंत आहेत," ती म्हणाली, "पण किती सुकलेत! पुढच्या वर्षी यातला एकही राहणार नाही." आग लावता येत नव्हती. ज्या जागेवर नाना गेले तिथं आग लावायचा विषय हौसाक्कांसमोर काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. प्रयोगशाळेत तो रेणू बनवता आला असता, पण जंगलात कुठलंही रसायन टाकायला परवानगी लागते, आणि ती हातात यायला पुढचा हिवाळा उजाडला असता. मास्तरांचे डोळे पावसाळ्यापर्यंत.

घरी येऊन जेवायला बसलो. हौसाक्कांना मी जाऊ दिलं नाही. ताकाला नेहमीसारखा धुंगार दिला होता, म्हणजे अंगणातल्या शेगडीतला फुललेला निखारा वाटीत ठेवायचा, ती वाटी ताकाच्या पातेल्यात सोडायची, निखाऱ्यावर चमचाभर तूप टाकायचं आणि झटकन झाकण लावायचं. धूर आत कोंडतो आणि ताकात उतरतो. ऋजुता तिसरी वाटी संपवून म्हणाली, "काकू, याला धुराचा काय सुंदर वास लागलाय!" आणि तिचा घास तिथंच थांबला. माझाही.

"धूर पाण्यात विरघळतो असं तूच म्हणालीस ना?" मी विचारलं.

"हो."

"आणि पाणी घालायला परवानगी लागते का?"

"पाणी घालायला? नाही."

"मग जेव लवकर. उठ."

पातेलंभर पाण्याला धुंगार दिला. दोनदा, तीनदा. दुपार ढळायच्या आत वर जाऊन सहा कंदांवर ओतलं. आणि माझी अक्कल बघा, हाताला सवय म्हणून निखाऱ्यावर तूप सोडलं होतं! साजूक, घरचं. ऋजुतानं उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यात तो रेणू नावालाच. नुसते निखारे आणि तूप, गवत कुठं जळलं होतं त्यात? ते ऐकून वर धावलो तर तुपाच्या वासानं रानडुकरं येऊन गेलेली. जागा उकरलेली. सहातले चार कंद खाल्लेले.

मी तिथंच मातीत बसले. तीस वर्षांच्या स्वयंपाकानं एका क्षणात घात केला. मास्तर मला ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "फेस नाही तर तूप. तुझ्या हातून माझं फूल वाचणं कठीणच आहे." आणि हसायला लागले. किती वर्षांनी! त्यांना हसताना बघून हौसाक्काही हसल्या आणि मग मला दटावलं, "कंदाला तूप कशापायी? बाळंतीण हाय का ती? ऊठ, ह्या सड्यावरचंच गवत घे."

मग नीट केलं. सड्यावरचं वाळलेलं गवत खाली गावठाणात आणलं. गावाच्या हद्दीत चूल पेटली तर टिटवी येत नाही. हौसाक्कांनी त्यात घालायला शेणाची गोळी वळून दिली, राब भाजताना असायचं तसं. निखाऱ्यावर गवत, वर झाकण, खाली पाणी. दिवसभर धुंगार देत बसलो. डोळ्यांतून पाणी, कपड्यांना वास. ऋजुतानं पाणी तपासलं आणि अंगठा वर केला. ते उरलेल्या दोन कंदांवर शिंपलं, भोवती काट्याचं कुंपण केलं आणि जीव मुठीत धरून सात आठवडे थांबलो.

मध्ये एप्रिल सरला. मास्तरांना आता पेपरातली मोठी अक्षरंही दिसत नव्हती. माझ्याशी बोलताना ते चहाच्या डब्याकडं बघायचे. मला त्याचा राग यायचा. "मी इकडं आहे," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "माहितेय," आणि डब्याकडंच बघायचे. मी चिडून एकदा डबा उचलून आत ठेवला. तर म्हणाले, "आता कशाकडं बघू?" तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

बारा मेला सकाळी हौसाक्का धावत आल्या. सत्तरीची बाई, धावत. "आलंय," एवढंच म्हणाल्या.

ऋजुताला फोन केला. ती दोन तासांत साक्षी कॅमेरा घेऊन हजर. हल्ली नव्या झाडाच्या नोंदीसाठी याच कॅमेऱ्याचा फोटो चालतो. बटण दाबणाऱ्याचा अंगठा, जागा, वेळ, त्या क्षणाचा उजेड, सगळं तो फोटोतच कुलूपबंद करतो. मग त्या फोटोला कुणी हात लावू शकत नाही आणि कुणी खोटा म्हणू शकत नाही. ज्याचा अंगठा, त्याचं नाव.

वर गेलो. दोनातला एकच कंद उठला होता. वीतभर दांडा, पाच फुलं. राखी रंग, लाल ओठ. हुबेहूब त्या फोटोतलं. ऋजुता गुडघ्यांवर बसली. हौसाक्कांनी चपला काढल्या. मी मास्तरांचा हात धरून त्यांना समोर बसवलं.

"दिसतंय का?" मी विचारलं.

त्यांनी सरळ बघितलं. "नाही. धूसर आहे."  एवढं सगळं करून नाहीच दिसलं तर? मग त्यांनी मान जराशी फिरवली, फुलाच्या डाव्या बाजूच्या खोलगट दगडाकडं. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आहे," ते म्हणाले. "तेच आहे. पाच आहेत ना?"

"पाच."

"लाल ओठ?"

"लाल."

कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मी त्यांचे हात खालून धरले, ते सांगत गेले, "थोडा डावीकडं... अंहं, एवढा नाही... खाली... आता दांडा मधोमध आहे." साखरपुड्यानंतर पहिल्यांदा त्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं होतं, तेव्हा अगदी असंच बोलत होते. त्यांनी अंगठा दाबला. पडद्यावर फोटो आला, खाली अक्षरं आली. ऋजुतानं मोठ्यानं वाचली, "छायाचित्रकार, अनंत शेलार. सोंडवाडी सडा."  त्या समितीतले प्रमुख आता असतील तिथं सुखी असोत. माझा राग त्या क्षणी संपला.

मास्तर म्हणाले, "आक्का, हे नानांसाठी तोडायचं का? तुमचा हक्क आहे."

 "नगं," हौसाक्का म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे हितंच. बी धरू दे." मग वाकून त्यांनी फुलाच्या बुंध्याशी हात टेकवला आणि तो कपाळाला लावला.

आता ऋजुतानं लिहिलंय, आणि ते मान्यही झालंय, की दरवर्षी मार्चमध्ये सोंडवाडीच्या बायका सड्याला धुंगार देतील, आणि टिटव्याही राहतील. दोन्ही राहतील. टिटवीचे उपकार, धुराचे उपकार, हौसाक्कांच्या ताकाचे उपकार, कुणाकुणाचे मोजू? पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

फोटो झाल्यावर मास्तरांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. तो माझ्याकडं वळवला. मी म्हटलं, "माझा कशाला? केसांना तेल नाही, अंगाला घाम." ऐकतात कुठं! कॅमेरा माझ्या तोंडासमोर, आणि स्वतः बघतायत माझ्या उजवीकडच्या दगडाकडं.

"अहो, इकडं बघा की!" मी खेकसले. "दगडाकडं काय बघताय?"

"तुलाच बघतोय," मास्तर म्हणाले. "आत्ता पदरानं डोळे पुसलेस. दिसलं मला."

मग तो चहाचा डबा आठवला मला. दोन महिने हा माणूस डब्याकडं बघत होता तो याच्यासाठी, आणि मी डबा आत नेऊन ठेवला होता. मी परत डोळे पुसले. त्याच वेळी त्यांनी बटण दाबलं.

आहे तो फोटो साक्षी कॅमेऱ्यात, जागा, वेळ आणि अंगठ्यासकट. आता कुणी म्हणून दाखवावं खोटा आहे म्हणून.